मुखदोष आणि देहरोग

दांताचें दुखणें दांतापुरतेंच, ही समजूत फार जुनी. तिला शास्त्रीय हादरा दिला तो विलोबी डेटन मिलर ह्यांनीं. १८५३ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत जन्मलेले हे दंतवैद्य पुढें बर्लिन विद्यापीठांत प्राध्यापक झाले आणि रॉबर्ट कॉख ह्यांच्या सान्निध्यांत जंतुशास्त्राकडे वळले. मुख हें इतर अवयवांच्या रोगांचेंहि उगमस्थान होऊं शकतें, असें त्यांनीं १८९१ सालीं प्रतिपादन केलें. मात्र दांत उपटण्यापेक्षां त्याचें मूळ साफ करून भरावें, असें त्यांचें मत होतें.

१९१० सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर ह्यांनीं माँट्रिअल येथील व्याख्यानांत मुखांतील पूयदोषावर कठोर टीका केली. त्यानंतर विवेक सुटला. संधिवातापासून वेडापर्यंत नाना व्याधींसाठीं सरसहा दांत उपटले जाऊं लागले. १९३८ सालीं सेसिल व अँजेव्हाइन ह्यांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दांत काढून गुण येतो, असें त्यांना आढळलें नाहीं. सेसिल हे स्वतः पूर्वीं त्या उपचाराचे पुरस्कर्ते होते, हें विशेष!

१९८९ सालीं फिनलंडमधील संशोधकांना हृदयविकार व दंतदोष ह्यांचा संबंध पुन्हां दिसला. मधुमेह व हिरड्यांचे विकार एकमेकांस बळावतात, हें आज मान्य आहे. हृदयविकाराचें मूळ दांतांत आहे, हें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. मिलर ह्यांचा प्रश्न रास्त होता. घाई केली ती उत्तर देणाऱ्यांनीं, आणि तिची किंमत रोग्यांनीं आपल्या दांतांनीं चुकविली.