हॅलेचा धूमकेतू : कक्षेचे गणित आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना : धूमकेतूचा शोध म्हणजे तो आकाशात प्रथम दिसणे, असा सर्वसाधारण समज आहे. हॅलेच्या धूमकेतूस तो लागू पडत नाही. एडमंड हॅले यांच्यापूर्वी अनेक शतके लोकांनी तो पाहिला होता; तो पुन्हापुन्हा येतो, हे हॅले यांनी ओळखले. या शोधाचे श्रेय कोणाकोणास जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हॅले यांचे अनुमान : न्यूटनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताच्या आधारे हॅले यांनी २४ धूमकेतूंच्या कक्षा काढून १७०५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी १५३१, १६०७ व १६८२ या वर्षांच्या धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या होत्या. तिन्ही धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरत होते. यावरून हा एकच धूमकेतू असून तो १७५८ मध्ये परत येईल, असे त्यांनी सांगितले. मात्र पहिले अंतर ७६ वर्षांहून थोडे अधिक, तर दुसरे ७५ वर्षांहून किंचित कमी होते. ही तफावत गुरू ग्रहाच्या आकर्षणामुळे पडते, असे त्यांचे मत होते. १७४२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पॅरिसमधील आकडेमोड : ग्रहांच्या या परिणामाचे सविस्तर गणित अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद व निकोल-रेन लपोत यांनी १७५८ मध्ये अनेक महिने खपून केले. गुरूमुळे ५१८ आणि शनीमुळे १०० दिवसांचा विलंब होईल, असे निष्पन्न झाले. त्यानुसार धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, एक महिना मागेपुढे होऊ शकेल, असे क्लेरो यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. २५ डिसेंबर १७५८ रोजी ड्रेस्डेनजवळील शेतकरी योहान पालित्श यांना तो दिसला. प्रत्यक्षात १३ मार्च १७५९ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला. युरेनस व नेपच्यून तेव्हा अज्ञात होते, हे लक्षात घेता ही चूक अल्पच म्हणावी लागेल.

श्रेयाचा प्रश्न : क्लेरो यांच्या १७६० च्या ग्रंथात लपोतबाईंच्या साहाय्याचा उल्लेख नाही. लालांद यांनी मात्र त्यांच्या श्रमांची नोंद पुढे आवर्जून केली. आज त्या श्रमांची माहिती आपल्याला मिळते, ती प्रामुख्याने या नोंदीमुळे.

निष्कर्ष : हा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, २०६१ मध्ये तो पुन्हा येईल. त्याला हॅले यांचे नाव मिळाले, हे योग्यच आहे. तथापि अनुमान हॅले यांचे, ते तारखेपर्यंत नेणारे गणित तिघांचे आणि प्रथम दर्शन एका शेतकऱ्याचे, हेही विज्ञानाच्या इतिहासाने नोंदविणे आवश्यक आहे.