भूकंपात धरण कसे थरथरते, हे गणिताने कसे कळते?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १८० जणांचा बळी घेणाऱ्या या भूकंपात १०३ मीटर उंचीचे कोयना धरण तग धरून राहिले. मात्र त्याच्या काही उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या. कोयना नदी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीला जाते. त्यामुळे या भेगांचे कारण शोधणे दोन्ही जिल्ह्यांसाठी महत्त्वाचे होते.

धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर वजनाच्या ५ टक्के इतके स्थिर आडवे बल मानून धरला होता. या हिशेबात काँक्रिटला तडा जावा एवढा ताण कोठेच दिसत नव्हता. भूकंपाचे बल मात्र स्थिर नसते. ते क्षणाक्षणाला दिशा बदलते आणि धरण त्याला आपल्या स्वाभाविक लयीत प्रतिसाद देते.

ही लय शोधण्यासाठी ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणजेच सांत घटक पद्धत वापरतात. हे नाव १९६० मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील प्रा. रे क्लफ यांनी रूढ केले. धरणाच्या छेदाचे लहान लहान घटक कल्पून ते कोपऱ्यांवरील बिंदूंत जोडले जातात. प्रत्येक घटकाचे वस्तुमान आणि ताठरपणा एकत्र मांडून संगणकाकडून समीकरणे सोडविली जातात. त्यातून धरणाच्या कंपनांची वारंवारिता व आकार कळतात. पाया अचल आणि जलाशय रिकामा मानल्यास कोयनेच्या उंच खंडाची मूळ वारंवारिता सेकंदाला सुमारे तीन आंदोलने इतकी येते.

१९६७ च्या भूकंपात धरणातील उपकरणाने प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मे त्वरण नोंदले होते. हीच नोंद वापरून अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी केलेले विश्लेषण १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. तळाशी सुमारे ७० मीटर रुंद असलेला छेद ६६ मीटर उंचीवर जेमतेम १९ मीटर उरतो आणि तेथेच मागील बाजूचा उतार एकदम बदलतो. विश्लेषणात याच भागात काँक्रिटच्या क्षमतेपेक्षा अधिक ताण आढळला. भेगाही तेथेच होत्या.

पुढे उंच खंडांना मागील बाजूने काँक्रिटचे भक्कम आधार देण्यात आले. धरणांच्या कंपनांचे गणित करणाऱ्या नव्या संगणकप्रणाली पारखण्यासाठी आजही जगभर कोयनेचेच उदाहरण घेतले जाते.