तारीख बरोबर, पण आणली कुठून?

आज एक सोपा प्रश्न. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? १९ फेब्रुवारी १६३०, तुम्ही लगेच सांगाल. बरोबर. आता पुढचा प्रश्न: हे कशावरून? इथे बरेच जण गप्प होतात. फार तर म्हणतात, "मोबाइलवर वाचलं."

गंमत बघा. सव्वाशे वर्षांपूर्वी अभ्यासू मंडळी १६२७ हे साल लिहायची. ती काही अडाणी नव्हती. चिटणीस बखरीत तेच साल आहे. पण ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. महाराज जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातल्या या नोंदी. त्यात जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. झालं, वाद पेटला! पुढे स. म. दिवेकरांना थेट तंजावरात 'शिवभारत' सापडलं आणि १९२७ साली ते छापून आलं. लिहिणारे कवींद्र परमानंद महाराजांच्याच काळातले. त्यांनीही हीच तिथी दिलेली. एक नोंदींची यादी, दुसरं संस्कृत काव्य. एक मावळातलं, दुसरं तंजावरातलं. तरी तिथी एकच. याला म्हणतात पुरावा जुळणं. दहा ग्रुपवर आलेला एकच फॉरवर्ड म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

आता हेच कॉलेजच्या प्रोजेक्टला लावा. एकाने १६३० लिहिलं, संदर्भ शून्य. दुसरीने १६२७ लिहिलं, पण शेजारी टीप आहे: कुठली बखर, कुणाची, कधीची, कुठलं पान. मार्क कुणाला जास्त? तारखेचा एक मार्क पहिल्याला द्या. अभ्यासाचे मात्र दुसरीला. तिची चूक कुठून आली ते दिसतं, म्हणून ती सुधारता येते. पहिल्याला उद्या कुणी हटकलं, तर त्याच्या हातात काहीच नाही.

म्हणून वही तपासताना उत्तराच्या आधी वाट बघावी. टिपण स्वतःच्या शब्दांत आहे का? मूळ मजकूर आणि स्वतःचं मत वेगळं ठेवलंय का? लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता, हे विचारलंय का?

महाराजांची तारीख अशाच टिपणांमुळे सुधारली. तेव्हा पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी एवढंच विचारा: कशावरून? भेटू पुढच्या भागात!