छत बदललं, पण जुनं छत गेलं कुठे?

उन्हाळा लागला की आपल्या शहरात छतांची कामं निघतात. कुणी गळका स्लॅब फोडून नवा टाकतो, कुणी पत्रे बदलतो. सिमेंट, सळई, सेंट्रिंग, मिस्त्री, सगळ्याचा हिशेब महिनाभर आधी मांडलेला असतो. जुन्या छताचं काय करायचं हे मात्र मलबा दारात पडल्यावर आठवतं. मग ट्रॅक्टरवाला येतो, ट्रॉलीमागे भाव सांगतो आणि मलबा घेऊन जातो. कुठे नेतो, हे आपण विचारत नाही. आजची पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. त्यासाठी थोडं मागं जाऊ.

जुन्या शहरात आणि मराठवाड्यातल्या गावोगावी एकेकाळी माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर पट्ट्या, त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती दाबून बसली की पाणी सहसा खाली उतरू देत नाही. पावसाळ्याआधी वर नवा थर द्यायचा. थरावर थर चढत काही घरांवर माती दीड-दोन फुटांपर्यंत जायची. असं छत उतरवलं तर फेकायला फार काही उरायचं नाही. लाकूड दुसऱ्या घराला नाहीतर चुलीला, दगड नव्या भिंतीला आणि माती परत मातीत. गल्ली अरुंद असली तर गाढवांवर लादून न्यायची. छताचा कचरा होतो, ही कल्पनाच त्या काळात नव्हती.

म्हणून माळवद चांगलंच होतं, असं कुणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची ती मणामणाची माती झोपेतल्या माणसांवर आली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची धास्ती बसली. ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला, ज्याला नाही त्याने पत्रे. बरोबरच केलं. पण छत बदलताना आपण एक गोष्ट मागे सोडली. जुन्या छताची परत जायची वाट नव्या छताला कुणी ठेवलीच नाही.

साधा हिशेब करा. हजार चौरस फूट घराचा पाच इंची स्लॅब म्हणजे सव्वाचारशे घनफूट काँक्रीट, वजन अंदाजे २९ टन. फोडल्यावर ते फुगतं आणि सहा ब्रासच्या घरात जातं. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तरी सहा खेपा. त्यातली सळई भंगारवाला उचलतो, कारण तिला भाव आहे. दरवाजे-खिडक्या जुन्या बाजारात जातात, त्यांनाही भाव आहे. काँक्रीटला भाव नाही, म्हणून ते बेवारस. डिझेल वाचवायचं तर जवळचा नाला बरा, रात्रीची वेळ बरी. असं भरत भरत खाम आणि सुखनाचे काठ आत सरकले. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांनी खामचा काठ साफ करायला घेतला, तेव्हा कचऱ्यासोबत मलबाही उपसावा लागला. नदीत टाकणं खासगी, काढणं मात्र सरकारी खर्चाने!

याला उत्तर नवीन नाही. अमेरिकेत नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात एक लोखंडी पेटी काढली. ती दारात ठेवायची, भरली की गाडीने उचलून रिकामी करायची. त्याच्या नावावरूनच ‘डंपस्टर’ शब्द आला. तिकडे छत बदलायचं ठरलं की लोक आधी ही पेटी भाड्याने सांगतात. आपल्याकडेही कागदावर हे आहेच. केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. मलबा आपल्या आवारात ठेवा किंवा ठरवून दिलेल्या जागी पोचवा, रस्त्यात-नाल्यात टाकू नका, हे घरमालकाला. कंटेनर ठेवा आणि वेळेवर उचला, हे महापालिकेला. २०२५ मध्ये काढलेल्या नव्या नियमांचा भर २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या मोठ्या बांधकामांवर आहे. तुमचा-माझा स्लॅब त्या मापात बसत नाही. म्हणून तो शहरानेच मोजायला हवा.

जागा आधी न ठरवण्याची किंमत या शहराने मोजलेली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पर्यायी जागा शोधता शोधता मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकायचा आणि त्याला विचारायचंही नाही, हे किती दिवस चालेल?

मागणी मोठी नाही. प्रत्येक झोनमध्ये मलबा टाकायची एक जाहीर जागा, लिहिलेला दर, आणि भाड्याने मिळणारा कंटेनर. गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत मोठी पेटी शिरणार नाही, तिथे छोटी गाडी द्या. बांधकाम परवानगी देतानाच मलबा उचलायचे पैसे भरून घ्या, म्हणजे रात्री नाल्यावर रिकामं करण्यात फायदा उरणार नाही.

आणि आपल्या हातातलंही थोडं आहे. ठेकेदाराशी बोलताना मलबा कुठे टाकणार हे आधी विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या. विटा, दगड, सळई वेगळी काढा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते हातोड्याने फोडू नका, पाणी मारून अखंड उतरवा आणि इतर मलब्यात मिसळू नका. ती धूळ मजुराच्या छातीत जाते.

ही सहा ट्रॉल्यांची गोष्ट वाटत असेल, पण खाम पुढे गोदावरीकडे, नाथसागराकडे जाते. आपल्या नळाचं पाणी तिथूनच येतं.