बुडातनं की हलका?

आमच्या घरात २०२० पासून एका आंब्यावरून वाद चालू आहे. घर भोर तालुक्यात, झाड आज्जीनं लावलेलं, रायवळ. त्या वर्षी जूनमध्ये 'निसर्ग' वादळ कोकण ओलांडून घाटावर चढलं, तेव्हा त्याची एक दांडगी फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर आली. काकू रोज जिथं चुलीपुढं बसते, बरोबर तिथंच. नेमकी ती तेव्हा गोठ्यात होती म्हणून वाचली. तेव्हापासून चुलतभाऊ म्हणतो, तोडून टाकू. काकू म्हणते, हात लावायचा नाही. आणि मी पुण्यात बसून फोनवर दोघांनाही 'हो' म्हणतो :)

काकूकडे हुकमाचा एक्का आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: आंबा-फणस तोडू नका अशी शिवाजी महाराजांची आज्ञा. एका वीकएंडला मूळ मजकूर काढून बसलो. ज्यात हा भाग आहे ते 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१५-१६ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतलं. म्हणजे महाराज जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. पण पंत हे महाराजांच्या अष्टप्रधानातले अमात्य, तेव्हा त्यांनी लिहिलं ते त्या कारभारात मुरलेल्या माणसानं लिहिलं, एवढं नक्की. मेसेज अगदीच खोटा नाही.

हा मजकूर येतो मात्र आरमाराच्या प्रकरणात! जहाजांना लाकूड लागतं. सागासारखं जंगलातलं लाकूड हुकूम घेऊन तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी झाडं नव्हेत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. किल्ल्यांच्या प्रकरणात तर गडाभोवतीच्या राखीव झाडीतली एक काठीही तोडू देऊ नये असं बजावलंय. इथं राजगड-तोरण्याच्या सावलीत ते वाचताना जरा वेगळंच वाटतं.

काकूला हे सांगितलं. तिला 'लेकरांसारखी' आवडलं, चुलतभावाला 'जीर्ण' आवडलं. वाद जिथल्या तिथं!

मला खटकलं ते वेगळंच. या सगळ्यात दोनच गोष्टी आहेत, तोडणं आणि न तोडणं. छाटणी कुठंच नाही. माझ्या मते कारण सोपं आहे. सरकारला हवं लाकूड, आणि छाटणीतून फळी निघत नाही. जे काम गडी कोयता घेऊन परस्पर करतो, त्याचा कागद कशाला होईल?

आणि तरी भोर-वेल्ह्याचा सगळा भात या बिनकागदी छाटणीवर उभा राहिलेला. (वेल्ह्याचं नाव राजगड तालुका करायचा निर्णय मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये घेतला. भोर संस्थानात 'राजगड' नावाचा तालुका होताच, तेव्हा नाव परत आलं म्हणा.) राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या उतरवायच्या, त्या वाळवून शेण, पालापाचोळा, गवत यांच्या थरांबरोबर भाताचं रोप करायच्या तुकड्यावर पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवायचं. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख खत होते. पहिल्या पावसात त्यात भात पेरायचा आणि पुढं रोपं उपटून लावणी. फांद्यांसाठी लाडका ऐन. त्याचा बुंधा ठेवून फक्त फांद्या घ्यायच्या. पुन्हा फुटवे आले, भरले, की पुन्हा कोयता. असे ऐन लांबून खांबावर झुडूप ठेवल्यासारखे दिसतात. पण जिवंत. बुडातनं तोडला तर पुढच्या राबाला काय आणणार, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

इंग्रज जंगलखात्याला मात्र हा खांब म्हणजे झाडाची विटंबना वाटली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर घाटाखाली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबावरून इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. जंगलखात्यानं डोंगर-रानं बळकावल्याची जोतीराव फुल्यांची तक्रार 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आहे, तीही याच काळातली, १८८३ ची. आमचा मुलूख १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानात, त्यामुळे कमिशन काही इकडं आलं नाही. राब आला, राहिला, आणि आता रासायनिक खतांपुढं कमी होत चाललाय. त्याच्याबरोबर झाडावर चढून कुठली फांदी घ्यायची हे कळणारी माणसंही.

असाच एक म्हातारा शेवटी चुलतभावानं शोधून आणला, मे महिन्यात, आंबे उतरवून झाल्यावर. त्यानं झाडाला दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "दादा, बुडातनं काढायचा का निस्ता हलका करायचा?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. काकू आणि चुलतभाऊ एकदमच म्हणाले, "हलका."

कौलांवर आलेल्या दोन फांद्या त्यानं काढल्या. आधी खालून थोडी खाच, मग जरा पुढून वरून घाव. फांदी खाच होती तिथंच तुटली, साल सोलत बुंध्यावर आली नाही. मग उरलेला खुंट त्यानं करवतीनं बुंध्याजवळ कापला, पण बुंध्याला चिकटून नाही. फांदीच्या बुडाचा फुगवटा ठेवून. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञानं हजारो झाडं चिरून १९७०-८० च्या दशकांत हेच सांगितलं: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आत कोंडून टाकतं, आणि ते काम त्या फुगवट्यापासून सुरू होतं. म्हाताऱ्याला मी हे सांगायला गेलो. तो म्हणाला, "मंग काय, ततं कापलं तर झाड आतनं कुजतं की."

नंतर त्यानं जखमेवर शेणमाती लिंपली. घाव साफ करून वर लेप लावायची कृती वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तल्या वृक्षायुर्वेदातही आहे, म्हणजे सहाव्या शतकापासून. शायगोच्या मते लेपानं कूज थांबत नाही. मी गप्प बसलो.

गोठ्याकडची तिसरी फांदी तशीच आहे. चुलतभाऊ म्हणतो ती पण घ्यायला हवी होती. काकू म्हणते, तिलाच तर आंबे धरतात.