बराकीतली साईभाजी

विठ्ठलवाडीला उतरून कॅम्पात शिरलं की इथे एकेकाळी सैनिकांच्या बराकी होत्या हे पटतच नाही. दुसऱ्या महायुद्धातला हा कल्याण कॅम्प. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांना इथे ठेवलं आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडलं. पुस्तकात एवढंच. पण ती माणसं जेवत काय होती?

उत्तर एका सिंधी मित्राच्या घरी मिळालं. साईभाजी! पालक, चुका, चणाडाळ, बटाटा, टोमॅटो एकत्र शिजवून घोटायचं. आपल्या पातळभाजीची मावसबहीणच म्हणा ना. टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते वगैरे शास्त्र आपलं. मित्राची आजी बराकीतच वाढली. ती म्हणते, गोणपाटाच्या पडद्याआड एकच चूल, मग बोळक्या म्हाताऱ्याला वेगळं आणि पोराला वेगळं कोण रांधणार? मऊ भाजी, सगळ्यांना एकच पातेलं.

हल्ली ती बहुतेक एकटीच जेवते. आम्ही आयटीवाले रात्री अकराला घरी, असो. त्या रविवारी मात्र पणती शेजारी बसली होती. आजी सिंधीत काहीतरी म्हणाली. पोरीने मोबाईल खाली ठेवून विचारलं, "मतलब?"

आजी सांगत बसली. भाजी पार गार झाली.