पलतडीला जाताना काय सुटतं?

आरोंद्यात बसून ‘द बर्ड्स’ या अमेरिकन बँडच्या गाण्यांवर बोलायचं, हे थोडं चमत्कारिक वाटेल. पण आपण तेरेखोलच्या काठावरची माणसं, पलतडीला गोवा. एका काठाचं गाणं दुसऱ्या काठाला जाताना त्याचं काय होतं, हा प्रश्न आपलाच आहे.

बर्ड्स लॉस एंजेलिसचे. लोकगीताच्या वळणाची गाणी त्यांनी बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर घेतली. माझी आवडती दोन, दोन्ही १९६५ सालची, दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली. ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ मूळ बॉब डिलनचं, चार कडव्यांचं. बर्ड्सनी त्यातलं एकच कडवं ठेवलं. ‘टर्न! टर्न! टर्न!’चे शब्द बायबलातल्या ‘उपदेशक’ या ग्रंथातले, चाल पीट सीगरची. जन्माला, मरणाला, युद्धाला, शांतीला आपापली वेळ असते, हा आशय. त्याच वर्षी अमेरिकन फौजा मोठ्या संख्येने व्हिएतनामात उतरत होत्या. शब्द जुनेच, पण ऐकणाऱ्याला ते आजचे वाटले.

आता आपल्या शेजारी या. ‘हांव सायबा पलतडी वेतां’ ही कोंकणी देखणी तुम्हाला पाठ असेल. दामूच्या लग्नाला नाचायला निघालेली कलावंतीण तारवाल्याला पार ने म्हणून विनवते, अंगावरचे दागिने देऊ करते. तो नको म्हणतो. १९७३ च्या ‘बॉबी’त या देखणीवर बेतलेलं गाणं आलं आणि देशभर गाजलं. पण तिथे ते प्रेमगीत झालं. चालीचा ठेका राहिला. नाचून पोट भरणारी ती बाई आणि मधली नदी, दोन्ही गेली.

म्हणून म्हणतो, वाद्य बदललं की परंपरा बुडाली, हा हिशेब कच्चा आहे. दशावतारात पखवाज, झांज, पायपेटी. उद्या कुणी की-बोर्ड आणला तर लगेच भांडू नका. आधी एवढं तपासा: त्या नादात आख्यान तोकडं झालं का? नटाला आयत्या वेळी संवाद रचायला जागा उरली का? ती उरली असेल, तर की-बोर्ड चालेल. आणि ती गेली असेल, तर नुसता पखवाज ठेवून तुम्ही नेमकं काय राखलंत, सांगा बघू!